उजव्या डोळ्यावरचा हात

आधीच सांगून ठेवते — अंगात आलेल्या बाईकडेही मी शिलाईचे राहिलेले पैसे मागितलेले आहेत, आणि तिने घुमणं थांबवून ते दिलेले आहेत. तेव्हा मी कुठल्या मातीची आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल. भूत, भास, संकेत... या सगळ्यावर माझं एकच उत्तर असायचं, रिकामं डोकं. या ग्रुपवरचे अनुभवही मी दुकानात चहा पिताना हसत वाचायची. आज स्वतःच लिहायला बसले आहे. हसा, तुमचा हक्कच आहे.

आमगावला माझं शिलाईचं दुकान आहे. माहेर तिथून जवळच, धानाचं गाव. दिवाळीनंतर दादाकडे धान चुरायला, म्हणजे मळणीला, थ्रेशर आला, म्हणून वहिनीच्या मदतीला मी गेले होते.

त्याच्या आधीपासूनच डाव्या डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगत होते. कोपऱ्यात मधूनच वीज चमकल्यासारखा उजेड व्हायचा. दुखत काहीच नव्हतं. आणि आमच्याकडे चुरण्याच्या दिवसांत डोळ्याचं काहीही होवो, सगळ्या गावाचं निदान एकच — कुसळ गेलं. पाणी मारा, मेडिकलमधून थेंब आणा, कामाला लागा. मीही तेच केलं. शिवायला काही अडचण येत नव्हती. सुईत दोरा ओवताना मी डावा डोळा मिटते, लहानपणापासूनची सवय... म्हणून त्या डोळ्यात काय चाललंय ते मला कळलंच नाही.

कुसळ काढायला आमच्या गावात एकच दवाखाना होता, माझी माय. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. खळ्यावरून लोक डोळे चोळत तिच्याकडे यायचे. ती माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवायची, मागे उभी राहायची आणि आधी चांगला डोळा आपल्या तळहाताने झाकायची. मग विचारायची, काय दिसते सांग. नंतर पुढे येऊन पदराच्या टोकाने अलगद कुसळ उचलायची. चांगला डोळा कायले झाकते, असं कोणी विचारलं की तिचं ठरलेलं उत्तर असायचं, "बरा डोळा लबाड रायते बाई, दुखऱ्याचं झाकून घेते." तिच्या अंगठ्याखाली इळ्याचा जुना वण होता, चांगला जाड. लहानपणी तो माझ्या भुवईला टोचायचा.

तर त्या दिवशी दुपारी थ्रेशर धडधडत होता. मी चहा घेऊन तणसीच्या, म्हणजे चुरून राहिलेल्या पेंढ्याच्या, ढिगाला पाठ टेकून बसले होते. ढीग दोन पुरुष उंच, मागे माणूस उभा राहायला जागाच नाही, हे लक्षात ठेवा. दादा समोर पेंढ्या टाकत होता, वहिनी पोत्यांपाशी.

आणि माझ्या उजव्या डोळ्यावर कोणीतरी तळहात ठेवला.

मला वाटलं, भाची, दादाची पोरगी, थट्टा करते आहे. मी म्हणालेसुद्धा, "चहा सांडन ना माझा." हात हलला नाही. भुवईला तो वण टोचला... आणि समोर बघते तर दादा कमरेपर्यंतच होता! कमरेखाली काळं. धान नाही, जमीन नाही, पाय नाहीत. जणू कोणी खालून पडदा वर ओढत आणला होता.

हात निघाला. दादा पुन्हा अख्खा दिसायला लागला. मी वळून पाहिलं, तर नुसती तणीस. भाची दूर विहिरीवर पाणी भरत होती. भीती वाटली का? हाताची नाही वाटली. भीती वाटली ती डोळ्याची. मी स्वतःच उजवा डोळा झाकला — पुन्हा ते काळं. माझं पोट, माझं दुकान, माझा सगळा जीव या दोन डोळ्यांवर आहे हो.

दादा म्हणाला, धूळ असन, उद्या मशीन गेली की जाऊ. मी त्याला म्हटलं, "मायनं डोळा झाकून दाखवला मले. मी आजच चालली." वहिनीने त्याच्याकडे फक्त एकदा बघितलं. त्याने मुकाट्याने थ्रेशर बंद करायला लावला, आणि भाड्याची मशीन बंद ठेवणं म्हणजे काय ते शेतकऱ्यालाच माहीत.

फोन केला तसे आमचे हे आमगावच्या दुकानावरून तसेच आले आणि आम्ही गोंदिया गाठलं. गोंदियाच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब टाकून तपासलं आणि त्यांचा चेहराच बदलला. डोळ्यातला पडदा सुटतोय म्हणाले, रेटिनाच्या स्पेशालिस्टकडे नागपूरला निघा, आत्ताच फोन करतो. संध्याकाळच्या गाडीने आम्ही निघालो.

नागपूरचे डॉक्टर तरुण होते. बराच वेळ डोळ्यात दिवा मारून बघितल्यावर म्हणाले, "पडदा वरून सुटलाय. पण मधला भाग अजून चिकटून आहे. आपण तो वाचवू." मग त्यांनीच विचारलं, "एक डोळा झाकून बघायचं कोणी सांगितलं तुम्हाला? बहुतेक लोक मधला भाग गेल्यावरच येतात. दुसरा डोळा कळूच देत नाही."

"मायनं," मी म्हणाले.

"मग आईंना माझा नमस्कार सांगा. डोळा त्यांनी वाचवलाय."

आमचे हे खोकले.

ऑपरेशन लगेच झालं. डोळ्यात गॅस भरला, काही दिवस पालथं झोपवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाशी न भांडता सांगितलं तसं वागले. हळूहळू गॅस विरला आणि खालचं जग परत आलं. या डोळ्याने सरळ शिवण अजून जरा नागमोडी दिसते. पण दिसते! दुकान सुरू आहे, आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला माप घ्यायच्या आधी मी एकेक डोळा झाकून बघायला लावते. हसतात... हसू देत.

हे म्हणतात, बोलाफुलाला गाठ पडली. दादा म्हणतो, उन्हाने चक्कर आली असन. धीर करून मी डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, पडदा ओढला गेला की उजेड चमकतो, सावल्या दिसतात. मी म्हटलं, आणि हात? ते हसले. म्हणाले, डोळा हात लावत नाही ताई, ते मला नाही सांगता येणार.

मलाही येत नाही. परवा शेवटच्या तपासणीला त्यांनी माझ्या उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची झाकणी धरली आणि समोरची अक्षरं वाचायला लावली. डाव्या डोळ्याने मी वाचत गेले, थेट खालच्या ओळीपर्यंत. झाकणी गार होती. तो हात ऊन होता.

एवढंच मी शपथेवर सांगू शकते.