बाहेरून कुलूप

डांबरगोळ्यांचा वास आला की पूर्णेतलं आमचं रेल्वे क्वार्टर आठवतं. वडील कोळशाच्या इंजिनावर ड्रायव्हर. त्यांच्या पासावर आम्ही पहिल्यांदाच समुद्र बघायला निघणार होतो. रजा मंजूर होती, पण माणूस कमी पडला की कॉलमन ड्यूटीवर बोलवायला दारात हजर. म्हणून आई पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालून मागच्या दारानं आत आली आणि डांबरगोळ्यांच्या वासाची ट्रंक भरू लागली. "लाडू कुठं ठेवू?" मी विचारलं. "हळू बोल की, बाहेर कुणीतरी यायलंय," ती कुजबुजली. तेवढ्यात कुलूप खडखडलं आणि कॉलमननं वडिलांना हाक मारली. दुसऱ्या हाकेला वडील सवयीनं बोलून गेले, "आलो!" आईनं लाडू त्यांच्या ड्यूटीच्या डब्यात भरले. आज परदेशातल्या समुद्रावर जायची बॅग भरतानाही दार वाजलं, तर मी ओ देत नाही.