नटावरची लाल रेघ

आमची रेसिंग टीम म्हणजे तीन माणसं आणि एक मोटारसायकल. गाडी चालवायला माझी धाकटी बहीण, दुरुस्तीला अमरावतीचा आमचा मिस्त्री आणि तोंड चालवायला मी. नांदगाव खंडेश्वरच्या पडीत वावरात सराव करून तीन वर्षं आम्ही मातीच्या ट्रॅकवर धूळ खाल्ली. ट्रॉफी एकही नाही.

मिस्त्रीचा कायदा एकच. ज्यानं नट आवळला, त्यानंच त्यावर लाल नेलपॉलिशची रेघ ओढायची. रेघ दिसली की काम झालं. बाटली बहिणीची होती, पण तिनं नखांना ती कधी लावली नाही.

अकोल्याच्या फायनलला मागच्या चाकाचा नट माझ्याकडे होता. नेलपॉलिश वाळायला वेळ लागतो, म्हणून मी शहाण्यानं रेघ आधीच ओढली. पाना लावणार, तेवढ्यात टायरमधल्या हवेवरून मिस्त्रीशी जुंपली. मी पाना आपटला आणि तरातरा निघून गेलो. परतलो तोवर रेस सुरू झाली होती.

तिसऱ्या फेरीत बहीण सगळ्यांच्या पुढे आली. लोक ओरडायला लागले आणि मला नट आठवला. मिस्त्री हातभर अंतरावर उभा होता. पण त्याला विचारायचं, तर न आवळता रेघ ओढल्याचं कबूल करावं लागणार. मी गप्प राहिलो. उंचवट्यावरून तिची गाडी उडाली, खाली टेकली. आणखी एक फेरी मी तशीच जाऊ दिली, त्याची लाज मला आजही वाटते.

शेवटच्या फेरीला मात्र राहवलं नाही. दोरी ओलांडून मी शर्ट हलवत ओरडलो, "थांब! चाक!"

ती थांबली. बाकीच्या गाड्या धुरळा उडवत पुढे निघून गेल्या.

मिस्त्री पाना घेऊन धावत आला. त्यानं जोर लावला, पण नट तसूभरही हलला नाही.

"थो म्याच आवळला, तू गेल्यावर," तो म्हणाला. "रेघ ओली होती अन् पाना खाली पडेल होता. मी बाजूलेच उभा होतो ना बावा, मले काहून नाई इचारलं?"

बहिणीनं हेल्मेट काढलं. "मी पुढं होती ना, दादा?" तिनं एवढंच विचारलं.

तेव्हापासून मागचा नट ती स्वतः आवळते आणि रेघही तीच ओढते. माझ्याकडे पाण्याची बाटली असते.