मी डोकं धुतलं नाही

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी, डोंबिवली पूर्वेच्या एका फ्लॅटमध्ये, माझ्या मालकिणीने माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि माझं डोकं बाथरूमच्या नळावर आपटलं. उजव्या भुवईच्या वर कातडी फाटली. मग तिने कंडिशनरची बाटली माझ्या डोक्यावर पिळून रिकामी केली. त्या वेळी खाली सोसायटीच्या हॉलमध्ये तिच्या सासूचं सहस्रचंद्रदर्शन चालू होतं. सासूला ऐंशी वर्षं पूर्ण होऊन काही महिने झाले होते. त्या सासूला सांभाळायला मी होते.

मी आंबिवलीची. बारावीनंतर पेशंट सांभाळायचा कोर्स केला. कल्याणच्या एका ब्युरोने मला या घरी पाठवलं. घरात आजी, त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा बँकेत मोठ्या हुद्द्यावर. सून कॉलेजात शिकवायची. त्याला मी सर म्हणायचे, तिला मॅडम. आजींची डावी बाजू लुळी पडली होती. बोलणं मात्र स्पष्ट होतं. डोकं शाबूत होतं.

पहिल्या दिवशी मॅडमनी आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"तसं नाही गं. मूळचे कोण तुम्ही?"

"बौद्ध."

"असू दे. आमच्याकडे तसलं काही नाही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून माझा कप बाल्कनीत, तुळशीच्या कुंडीपासून लांब, कपड्यांच्या स्टँडखाली ठेवलेला असायचा. आजींची शी-शू मी काढायचे. अंग पुसायचे, कूस वळवायचे, उचलून खुर्चीत बसवायचे. तिथे माझे हात चालायचे. आजींच्या पिण्याच्या पाण्याचा तांब्या मात्र मॅडम कॉलेजला जायच्या आधी स्वतः भरून ठेवायच्या. त्याला मी हात लावायचा नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तांब्याला चुकून माझा हात लागला की मॅडम तो ओतून पुन्हा भरायच्या. त्यावरून कळलं.

आजींचे केस कमरेपर्यंत होते. पांढरे. शनिवारी तेल, रविवारी न्हाणं, असं त्यांचं लग्नाच्या आधीपासूनचं. तेल घरी उकळलेलं, माक्याचं, दाट. ते कानामागे ओघळलं नाही तर आजी म्हणायच्या, "हात आखडता घेऊ नकोस गं. सासरचं तेल आहे, तुझ्या बापाचं नाही."

आणि स्वतःच हसायच्या. मीही हसायचे.

मॅडम शॅम्पू आणि कंडिशनरची जोडी आणायच्या. एकावर एक फुकट मिळायचं म्हणून. त्यांचे केस खांद्यापर्यंत कापलेले. त्यांना कंडिशनर चालत नव्हतं, केस चपटे दिसतात म्हणायच्या. शॅम्पू त्यांच्या बाथरूममध्ये जायचा. कंडिशनरच्या बाटल्या बेसिनखाली साठल्या होत्या. त्यातली एक त्यांनी माझ्या हातात दिली.

"आईंना हे वापर. उगाच पडून आहे."

आमच्या घरी शॅम्पूच्या पुड्या यायच्या. मी आयुष्यात कंडिशनर लावलं नव्हतं. बाटलीचा रंग शॅम्पूचाच, कंपनी तीच, वास तोच; वरचा इंग्रजी शब्द मला शॅम्पूचाच प्रकार वाटला. मी ते आजींच्या तेलकट डोक्यावर घेतलं आणि चोळलं. फेस आला नाही. आणखी घेतलं. केस बुळबुळीत झाले. पाणी वरूनच वाहून गेलं.

मी बाहेर येऊन मॅडमना सांगितलं, "फेस येत नाहीये."

त्या पेपर तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "महागड्या वस्तूंना फेस येत नाही. तुमच्या पुड्यांना येतो."

मी विश्वास ठेवला. कॉलेजात शिकवणारी बाई सांगत होती.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. आजींचे केस वाळले तरी ओले दिसायला लागले. मुळाशी पांढरा थर धरला. उशीच्या अभ्र्याला वास लागला, जुन्या तेलाच्या डब्याला येतो तसा. आजी उजव्या हाताने डोकं खाजवून रक्त काढायच्या. "मुंग्या फिरतायत बघ डोक्यात," म्हणायच्या.

मी पुन्हा सांगितलं. "मॅडम, आजींना फार खाज येते. दुसरं काही देता का?"

"नीट चोळ. हाताला जोर नाही का? गिळायला आहे."

मी नीट चोळलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आजींना न्हाऊ घातलं. त्याच बाटलीने. न्हाताना त्यांनी रामरक्षा म्हटली. पैठणी नेसवली. त्या चिकट केसांचा अंबाडा घातला, मॅडमनी वर गजरा माळला. आम्ही त्यांना खाली हॉलमध्ये नेलं. खुर्चीमागे मी उभी. कोपऱ्यात, पण खुर्चीच्या दांडीला हात पोचेल इतक्या जवळ. आजी डावीकडे कलल्या की सरळ करायच्या, हे काम.

आजींची मुलगी माजिवड्याहून आली होती. तिने ओवाळलं. मग आईला मिठी मारली, तिच्या डोक्यावर गाल टेकला आणि झटकन मागे झाली. बोटांचा वास घेतला.

"वहिनी, आईच्या डोक्याला घाण वास येतोय. कधी धुतलं होतं?"

गुरुजींचे मंत्र चालू होते. पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदर नाकाला लावला. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, ऐंशी वर्षांचा वास आहे तो. तुलाही येईल." चार-सहा जणी हसल्या.

मॅडमही हसल्या. "मुलगी ठेवलीये ना त्यांच्यासाठी. तिलाच विचारते." मग मला म्हणाल्या, "आईंना वर ने. जरा पडू दे."

मी आजींना लिफ्टने वर नेलं. पलंगावर आडवं केलं. मॅडम मागून आल्या. फ्लॅटच्या दाराला आतून कडी घातली. आजींच्या पलंगासमोरच बाथरूमचं दार आहे. ते उघडंच होतं आणि शेवटपर्यंत उघडंच राहिलं.

"शॅम्पू कुठे जातो?"

"कुठला शॅम्पू?"

पहिली थप्पड कानावर बसली.

"आईंच्या नावाचा शॅम्पू घरी नेतेस आणि त्यांच्या डोक्याला हे फासतेस. चार माणसांत माझं नाक कापलंस."

"मॅडम, तुम्हीच दिलेलं."

तेव्हा तिने वेणी धरली. बाथरूममध्ये ओढत नेलं. फरशी ओली होती, माझे पाय सरकले, त्यामुळे तिला ओढायला सोपं गेलं. नळ पितळी, जुना. पहिल्यांदा आपटलं तेव्हा आवाज आला, दुखलं नाही. दुसऱ्यांदा डोळ्यावर गरम उतरलं. ओठ दातात सापडून फाटला. मी गुडघ्यांवर होते. तिने बाटली उलटी धरून पिळली. थंड, जाड. कपाळावरून डोळ्यांत गेलं. एका हातात माझी वेणी होती. दुसऱ्या हाताने ती माझं डोकं चोळत होती. नखं लागत होती.

"आला फेस? आला? आण ना फेस."

मग म्हणाली, "जयभीमवाली घरात घेतली तिथेच चुकलं माझं. तुमच्यात डोकी धुतात तरी का?"

माझ्या हाताशी लोखंडी स्टूल होतं. आजींना न्हाऊ घालताना त्यावर मी बसायचे. त्याच्या पायावर माझा हात गेला. मी ते उचललं नाही. उठले आणि तिला दोन्ही हातांनी ढकललं. रोज आजींना उचलणारे हात होते. ती कमोडवर जाऊन आदळली. वेणी सुटली. तिच्या मुठीत माझे केस राहिले.

दार वाजलं. तिने उठून कडी काढली. सर आत आले. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग फरशीवरच्या रक्ताकडे.

"काय हे? खाली गुरुजी थांबलेत. फोटो व्हायचेत अजून."

त्यांनी आजींचं अंग पुसायचा टॉवेल माझ्याकडे फेकला.

"डोकं धू. दुसरा ड्रेस घाल. आईला खाली आण. तुझ्याशिवाय तिला कुणाला उचलता येत नाही. बाकीचं नंतर बघू."

नळ चालूच होता. पाणी माझ्या पायांवरून गुलाबी होऊन जाळीकडे जात होतं. मी हात पुढे केला की डोकं धुतलं जाणार होतं. मग ड्रेस. मग फोटो. मग सोमवार. आणि कप कपड्यांच्या स्टँडखाली.

"धुणार नाही."

"काय?"

"मी डोकं धुणार नाही."

मी रिकामी बाटली उचलली. आजी पलंगावरून बघत होत्या. मी म्हटलं, "आजी, येते." त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

लिफ्ट खाली होती. मी जिना उतरले. हॉलमधून गेले. गुरुजी थांबले. आजींची मुलगी पुढे आली. "अगं बाई, हे काय झालं?"

मी बाटली तिच्यासमोर धरली. "ताई, आजींचं डोकं याने धुतलं जायचं. मॅडमनी दिलेली. आत्ता माझंही याच्यानेच धुतलं त्यांनी."

तिने बाटली फिरवून वाचली. "हे तर कंडिशनर आहे." मग जिन्याकडे पाहिलं.

पुढच्या रांगेतली पदरवाली बाई म्हणाली, "आत्ता नको गं हे सगळं. मंगलकार्य चाललंय."

खुर्चीतून कुणी उठलं नाही. मी बाटली परत घेतली आणि बाहेर पडले.

रिक्षावाल्याने आरशात पाहिलं. पाण्याची बाटली मागे दिली. "धुऊन घ्या ताई." मी नको म्हटलं. पोलीस स्टेशनला जायचं आहे, म्हटलं. त्याने पुढे काही विचारलं नाही.

पोलीस ठाण्यातला हवालदार म्हणाला, "आधी तोंड धुऊन ये. मग बोल."

"आधी लिहून घ्या."

"बाथरूममध्ये झालं म्हणतेस. बघितलं कुणी?"

"आजींनी."

"आणि ही बाटली कुणाची?"

"त्यांची."

"म्हणजे न विचारता आणलीस. ही चोरी झाली, कळतंय का?"

मी बाकावर बसले. कंडिशनर वाळत गेलं. त्यात रक्त वाळलं. केसांचा पत्रा झाला. माश्या येत होत्या. मी फोन केला, आई आंबिवलीहून आली. मला बघून तिने पदर ओला करायला घेतला.

"धू गं डोकं. मला बघवत नाही."

"आई, आधी फोटो निघू दे. डॉक्टरला बघू दे. मग."

आईने पदर खाली सोडला. माझ्या शेजारी बसली. तिच्या मागून आमच्या विहारातल्या बायका आल्या. बाकावर मावेनात म्हणून जमिनीवर बसल्या. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. नुसत्या बसल्या. दारातून आत जायला वाट उरली नाही, तेव्हा ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी तक्रार लिहून घेतली. मॅडमनी जातीचा उल्लेख केला तो मी शब्दशः सांगितला आणि लिहिलेलं वाचून घेतलं. बाटली जमा केली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरने फोटो काढले, जखमेभोवतीचे केस कापले, टाके घातले. रात्री घरी आईने माझं डोकं धुतलं. पुडीने. फेस आला.

सर-मॅडमनीही तक्रार दिली. घरातून एक बाटली चोरल्याची आणि प्राध्यापिकेला मारहाण केल्याची. ब्युरोने माझं नाव काढलं. पोलीस आजींचा जबाब घ्यायला गेले. जबाबात एक ओळ आहे. "मला काही आठवत नाही."

त्या सकाळी न्हाताना आजींनी रामरक्षा म्हटली, ती पूर्ण म्हटली होती. कुठे अडल्या नाहीत. मी पाणी ओतत होते.

मध्यंतरी ब्युरोची बाई आंबिवलीला आमच्या घरी आली. आईने चहा केला. ती म्हणाली, "मॅडम माफी मागायला तयार आहेत. तेही त्यांची तक्रार मागे घेतील. तू कागदावर सही कर आणि विषय संपव."

"माफी कुठे मागणार?"

"त्यांच्या घरी. घरातल्या घरात."

"हॉलमध्ये मागू देत."

"हट्ट करू नकोस गं. म्हातारीचे फार हाल चाललेत. कुणी टिकत नाही तिथे. केस कापून टाकलेत तिचे, अगदी बारीक. सारखं तुझंच नाव घेते. ती कुठे गेली, तिला बोलवा, म्हणते."

"म्हणजे त्यांना आठवतं," मी म्हटलं.

बाईने चहा अर्धा ठेवला. कागद टेबलावर ठेवून गेली.

माझ्या कपाळावर टाक्यांची खूण आहे. मुठीत गेलेल्या केसांच्या जागी अजून केस आलेले नाहीत. बाटली मुद्देमालात जमा आहे. कल्याणच्या कोर्टात तारीख लागली आहे. कागदावर मी सही केलेली नाही. तारखेला मी हजर राहणार आहे.