चुलीवरच्या माळ्यावरचा महासंगणक

नाशिकहून जव्हारची एस.टी. सुटली तशी कंडक्टरने माझ्याकडे, म्हणजे माझ्या टोपीकडे आणि पाण्याच्या भल्यामोठ्या बाटलीकडे, पाहून विचारलं, "मॅडम, थंड हवेला निघालात वाटतं?"

"थंड हवा तपासायला निघालेय," मी म्हटलं. त्याने तिकीट फाडलं आणि पुढे काही विचारलं नाही. शहाणा माणूस!

पण मी खोटं बोलले नव्हते. आयुष्यभर मी एकच काम केलं. पुण्यातल्या एका संस्थेत महासंगणकाला गार ठेवलं. लोकांना वाटतं, महासंगणक म्हणजे केवढा तरी मेंदू. माझ्या लेखी तो एक तापट जावई. शेकडो संगणक एकत्र बांधून एकाच गणिताला बसवले की झाला महासंगणक, आणि ते सगळे एकदमच तापतात. त्यांची मर्जी सांभाळण्यात माझी नोकरी गेली. मी लागले तेव्हा परदेशाने आपल्याला असलं यंत्र द्यायला नकार दिला होता, ती गोष्ट कँटीनमध्ये अजून रोज निघायची. "देत नाहीत? मग आपणच करू," म्हणून आमच्या वरिष्ठांनी कंबर कसली होती. आता त्याच्या कितीतरी पट मोठी यंत्रं देशात उभी राहतायत आणि चिपसुद्धा आपलीच हवी म्हणून धडपड चाललीय. मी निवृत्त झाले, तरी वर्तमानपत्रात त्याची बातमी आली की चहा गार होतो माझा.

त्याच संस्थेने मला या कामाला पाठवलं होतं. मोठ्या यंत्रावर लहान गावांतल्या कॉलेजांनाही वेळ द्यायचा असं ठरलं होतं. अट एकच. त्यांनी स्वतः जोडलेल्या छोट्या संचावर एक गणित सकाळी सुरू करून मध्ये न थांबता दिवसात पुरं करून दाखवायचं. मी नुसतं बघायचं, हात लावायचा नाही आणि आठवडा संपायच्या आत हो की नाही ते कळवायचं.

त्र्यंबक मागे पडलं, तोरंगणचा घाट लागला. मे महिन्याचं ऊन, करपलेलं गवत, मधूनच एखादं हिरवंगार आंब्याचं झाड. मोखाड्याला बस थांबली तेव्हा एक बाई खिडकीशी पळसाच्या पानाचा द्रोण घेऊन आली. करवंदं! काळीभोर, चिकाने बोटं चिकटवणारी. मी अधाशासारखी खाल्ली आणि मग तासभर हात कुठे पुसावेत या विवंचनेत बसले.

जव्हारच्या स्टँडवर वनिता उभी होती. तिशीतली, सडपातळ, बोलणं नेमकं. सूर्यमाळच्या एका पाड्यात वाढली, आश्रमशाळेत शिकली आणि आता इथल्या कॉलेजात संगणक शिकवते. मोडीत काढलेले संगणक गोळा करून विद्यार्थिनींच्या मदतीने तिने संच जोडला होता. मला चहासुद्धा न पाजता ती थेट कॉलेजात घेऊन गेली, खोलीचं कुलूप काढलं आणि आत काय? रिकामी बाकं!

"अगं, संच कुठाय?"

"सूर्यमाळला, मॅडम. आमच्या घरी." ती जरा ओशाळली. "ही खोली तुम्हाला आधी दाखवायची होती. इथे वर पत्रा आहे. मे महिन्यात दुपारी मशीन आपोआप बंद पडतात. आमचं घर उंचावर आहे, कुडाच्या भिंती आहेत. आत गार असतं."

"आणि वीज?"

"पाड्याच्या विहिरीवर सोलर पंप बसवलाय. पण विहीर होळीनंतर आटते, मग पंप बंद आणि पॅनेल नुसतं ऊन खात बसतं. पाड्याने बैठक घेऊन ती वीज आम्हाला दिली."

मी कपाळाला हात लावला. म्हणजे ज्या रस्त्याने आले त्याच रस्त्याने उलट मोखाडा आणि तिथून पुढे डोंगर! चहा मात्र मी सक्तीने वसूल केला आणि जीपमध्ये बसले.

वाटेत तिने गणित समजावलं. सूर्यमाळच्या डोंगरावर पावसाळ्यात धो धो कोसळतं आणि उन्हाळ्यात बाया कोरड्या विहिरीत उतरून वाटीने पाणी भरतात. पाऊस पडून जातो कुठे, कुठल्या उताराने पळतो, कुठे अडवला तर जमिनीत मुरेल आणि विहिरीला झरा राहील, हे तिला काढायचं होतं. "एक बंधारा बांधला होता आमच्याकडे. चुकीच्या जागी. पाणी त्याच्या बाजूने निघून जातं. एका ओढ्याचं गणित आमच्या संचावर होतं, मॅडम. सगळ्या तालुक्याचं करायचं तर तुमचं मोठं यंत्र पाहिजे. ते या वर्षी मिळालं नाही, तर परत आंधळेपणानेच बांधतील."

पोशेऱ्याच्या आसपास शेतात राब (रोपं टाकण्याआधी पालापाचोळा पेटवून भाजलेली जागा) काळे दिसत होते. पुढे झाडी दाट झाली, वारा बदलला. पाड्यावर उतरून मी वनिताच्या घरात पाऊल टाकलं आणि आयुष्यभराच्या सवयीने म्हणाले, "वा!" कारवीच्या काठ्यांचा कूड, वर माती आणि शेण, मातीची कौलं. आत खरोखर गार होतं.

वनिता मात्र आतल्या खोलीच्या दारात खिळून उभी होती. ज्या फळ्यांवर तिने संगणक मांडले होते, त्या मोकळ्या होत्या.

"आय! मशीनं कुठं गेली?"

तिची आई चुलीपाशी भाकरी थापत होती. बारीक अंगाची, पदर कमरेला खोचलेला. तिने शांतपणे हाताने वर दाखवलं. चुलीच्या बरोबर वर बांबूचा माळा होता. तिथे नागलीच्या (नाचणीच्या) बियाण्याच्या टोपल्या, दोरीला टांगलेली मक्याची कणसं आणि मधोमध, काळे ठिक्कर पडलेले, वनिताचे संगणक!

"वाळवी आली होती फळीला," आई म्हणाली. "तू चार दिस परीक्षेच्या कामाला गेलीस, मी कोनाला विचारू? बियानं आमी तिथंच ठेवतो ना बाय. धुराला कीड लागत नाय. घरात त्याच्यापरीस चांगली जागा हाय का दुसरी?"

वनिता मटकन खालीच बसली. सारी नोकरी धुळीच्या एका कणामागे धावण्यात गेलेली मी, आणि समोर चार दिवसांचा चुलीचा धूर खाल्लेली यंत्रं! ओरडायला तोंड उघडलं, आणि त्या बाईचा चेहरा दिसला. लेकीची सगळ्यात मोलाची वस्तू तिने घरातल्या सगळ्यात मोलाच्या जागी ठेवली होती. मला हसूच फुटलं. मी हसतेय म्हटल्यावर वनिताही हसली, मग रडली, मग उठली.

"उद्याच करायचं ना, मॅडम?"

"उद्याच. परवा मला निघायलाच हवं."

पाड्यावरच्या पोरी, तिच्याच विद्यार्थिनी, गोळा झाल्या. अंगणात यंत्रं उघडली गेली. रंगाचे मऊ ब्रश, सायकलचा पंप, जुनी सुती लुगडी. काजळी पंख्यांच्या पात्यांवर मेणासारखी बसली होती. माझे हात शिवशिवत होते. पण मी हात लावला तर परीक्षा तिची राहिली नसती, म्हणून मी ते मांडीखाली दाबून ओट्यावर बसले आणि पोरींना निष्कारण टोमणे मारत राहिले. "अगं, हळू! ती भाकरी नाहीये परतायला!" दिवस मावळेपर्यंत दोन यंत्रं कायमची गेली हे कळलं. बाकीची सुरू झाली. जेवायला नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि सुकटीची चटणी होती. एवढी चव मला पुण्यात कुठे मिळाली नाही, आणि आई मात्र खाली मान घालून वाढत होती.

सकाळी ऊन पॅनेलवर पडलं तसं वनिताने आतल्या खोलीत गणित सुरू केलं. पहिले काही तास सगळं सुरळीत. पण दोन यंत्रांचं ओझं उरलेल्यांवर आलेलं. सूर्य डोक्यावर आला आणि पडद्यावरचा तापमानाचा आकडा चढायला लागला. मला त्याचा अर्थ नीट माहीत होता. तो लाल रेषेला टेकला की यंत्र स्वतःला बंद करतं आणि सकाळपासूनचं सगळं पाण्यात.

"दारावर गोणपाट ओलं करून लावायचं ठरवलं होतं," वनिता पुटपुटली. "पण टँकर आलाच नाही."

आई उठली. कोपऱ्यात दोन हंडे होते, घरातलं सगळं पाणी तेवढंच. तिने एक उचलला.

"आय, नको! प्यायचं पानी हाय ते!"

"म्हाईत हाय."

"टँकर उद्यापन नाय आला तर?"

"तर दुसऱ्या हंड्यात भागवू." ती थांबली नाही. "तुझा बाप होता तवा भुकेचे दिस काढले आपन. माळ्यावरच्या बियान्याला हात लावला का कधी? नाय ना? ही मशीनं मी तिथं ठेवली ती उगाच नाय. मला ती बियानंच वाटली." आणि तिने गोणपाट दाराला अडकवून त्यावर तांब्या तांब्याने पाणी सोडायला सुरुवात केली. एक थेंबसुद्धा जमिनीवर न सांडता.

पुण्यात माझं यंत्र किती पाणी पितं ते मी वर्षानुवर्षं रोज पाहिलंय, आणि कधी काही वाटलं नाही. मी माझी ती भलीमोठी बाटली घेतली आणि गोणपाटावर ओतली. यंत्राला हात लावायचा नाही असा नियम होता. गोणपाटाचं कोणी बोललं नव्हतं.

वारा ओल्या गोणपाटातून आत यायला लागला. आकडा थबकला, जरा खाली आला, पुन्हा चढला, पुन्हा थबकला. शेजारच्या घरांतून बाया आल्या, कोणी तांब्या आणला, कोणी कळशीच्या तळाचं पाणी. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. ऊन डोंगराआड जायच्या आत गणित पुरं झालं, पडदा हिरवा झाला आणि वनिताने टाळी वाजवायची सोडून आईला मिठीच मारली.

पडद्यावर ओढ्याचा नकाशा होता आणि त्याच्यावर पाणी अडवायची जागा दाखवणारा एक निळा ठिपका, जुन्या बंधाऱ्याच्या बराच वर. आईने वाकून पाहिलं. "इथं तर उंबराचं झाड हाय, खाली पानी असतंच त्याच्या," ती म्हणाली. तेवढंच.

निघताना तिने मूठभर नागली फडक्यात बांधून दिली. फडक्याला धुराचा वास होता. परतीच्या बसमध्ये मी तो वास घेत बसले आणि घाट संपायच्या आत फोनवरून होकार कळवून मोकळी झाले.

पावसाळ्यानंतर मोठ्या यंत्रावर त्यांची पाळी आली. वनिता आईला घेऊन पुण्याला आली. महासंगणकाच्या दालनात त्या माउलीने पदर घट्ट लपेटून घेतला. पांढरे दिवे, काळी कपाटं, पंख्यांची घरघर. आधी तिने वर पाहिलं. "इथं धूर नाय का?" मी म्हटलं, नाही, गार पाणी आहे, आणि तिचा हात धरून थंड पाइपवर टेकवला. तिला आतून वाहतं पाणी जाणवलं.

"हे पानी जातं कुठं?"

"यंत्रातून फिरतं, तापतं, पुन्हा गार करतो, आणि परत येतं."

"परत येतं?" तिने दुसराही हात पाइपवर ठेवला. मी नोकरीभर त्या पाइपांजवळून गेले होते, पण असं कोणी त्यांच्याबद्दल विचारलेलं ऐकलं नव्हतं. देशाने एवढी यंत्रं कशासाठी बांधायची, असं हल्ली मला कोणी विचारलं की मी भाषण करत नाही. तिचं पुढचं वाक्य सांगते.

"मग बाय," ती पाइपलाच म्हणाल्यासारखं म्हणाली, "आमच्या डोंगरावरच्या पान्यालाबी परत यायला शिकवा."