गाडीच्या दाराचा आवाज

दुर्ग स्टेशनवर माझी पुण्याची रेल्वे हलली तेव्हा मी खिडकीतून ओरडले, "बाबा, डॉक्टरले कान दाखवा!" बाबा हसून म्हणाले, "हो हो, डबा खाऊन घेजो." शेजारी आई रडत होती. मला रडू आलं नाही. नुसता संताप होत होता.

बाबा पोलाद लाटणाऱ्या एका खाजगी रोलिंग मिलमध्ये फिटर. तिथल्या खणखणाटात त्यांचे कान गेले. कानात घालायला मिळायचा फक्त कापूस. तक्रार केली तर मालक म्हणाला, "सबका होता है, काका." भिलाईतल्या आमच्या मरोदा वस्तीतल्या माझ्या माणसांनो, तुम्हीही तेच म्हणालात. मी मेकॅनिकल घेतलं तेव्हा मात्र तुम्हाला तोंड फुटलं: "पोरीले मशीनमध्ये कावून घालून राहिले?"

पुण्यात एम.टेक.ला मी यंत्रांचा आवाज आणि कंपनं हा विषय निवडला. माझ्या 'मले-तुले'ला वर्ग हसला, ते सोसलं. पण प्रबंधासाठी सरांनी विषय सुचवला तो असा: महागड्या गाडीचं दार लावताना आवाज भारदस्त कसा येईल. "नोकरी लगेच मिळेल," ते म्हणाले. दारासाठी अख्खी प्रयोगशाळा आणि माणसासाठी कापूस! मी म्हटलं, "सर, मला रोलिंग मिलवर काम करायचंय." ते म्हणाले, "आत घेत असतील तर कर."

दिवाळीत बाबांसोबत मिलच्या फाटकाशी गेले. माझ्या हातातलं आवाज मोजायचं यंत्र पाहून मालक म्हणाला, "नापके क्या करोगी बेटा? मिल बंद करवाओगी?"

बाबांना ते ऐकू गेलं नसणार. माझा चेहरा दिसला असेल. मालकासमोर जन्मात मान वर न केलेले बाबा एकदम गरजले, "मेरी बेटी इंजीनियर है! अंदर जाएगी!"

कामगार जमले. मालकाने चडफडत वाट सोडली.

त्या मोजमापांवरून मी रोलभोवती बसवायचं, आवाज अडवणारं आवरण डिझाईन केलं. सरांना आवडलं. मालकाने ते अजून बसवलेलं नाही. बाबा आता निवृत्त झालेत, त्यांना त्याचा उपयोगही नाही. पण त्यांच्या जागी नवा फिटर आलाय, आणि त्याच्याही कानात कापूसच आहे.

गाड्यांच्या कंपन्या मुलाखतीत विचारतात, पुढे काय करायचंय? मी मिलचं नाव काढलं की गाडीवाले हिरमुसतात. इथल्या मैत्रिणींना वाटतं, मला घरची ओढ आहे. असेल. पण भिलाईला मी परत जाणार ती विसाव्यासाठी नाही. तिथलं माझं भांडण अर्धं राहिलंय.