न उचललेली चिठ्ठी

मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, आणि त्यातला बराचसा नातवंडांना तिखटमीठ लावून सांगते. हा एक मात्र सांगत नाही. एका मुलीची बाजू मी तिला न विचारता, तिच्या आडनावावरून ठरवून टाकली. वर त्याला मनाचा मोठेपणा समजले.

तेव्हा मी जळगावला मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. खांद्याला शबनम पिशवी, आणि बोलण्याचा थाट असा, की जगातले सगळे तंटे माझ्याकडे निवाड्याला पाठवायचे केवळ राहून गेलेत. टीव्हीवर इस्रायल आणि पॅलेस्टाईनच्या पुढाऱ्यांनी हात मिळवलेले दिसले, त्या हिवाळ्यात धुळ्याच्या वादविवाद स्पर्धेला विषय आला: पॅलेस्टाईनच्या प्रश्नाला इस्रायलच अधिक जबाबदार आहे. शाळेने दोन मुली पाठवायच्या, एक अनुकूल, एक प्रतिकूल; ढाल मात्र सगळ्यांत सरस बोलेल त्या एकीलाच.

आमच्याकडे बाजू चिठ्ठीने ठरायची. पेढ्यांचा रिकामा डबा, आत चिठ्ठ्यांच्या घड्या, डोळे मिटून हात घालायचा. कोणी कुरकुरली की मी ऐकवायची, वकील काय आपल्याला पटेल तेवढंच बोलतो? या वाक्यावर मी स्वतःच खूश असे.

त्या वर्षी निवडलेल्या दोघींपैकी घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या मुलीने ते वाक्य मनावर घेतलं होतं. तिला वकीलच व्हायचं होतं. वडील म्हणत, दहावी झाली की बस. फार हट्ट धरला तेव्हा म्हणाले, धुळ्याची ढाल जिंकून दाखव, मग कॉलेजचं बघू. तिची जोडीदारीण जवळच्या असोदा गावची, केळीच्या बागाईतदाराची मुलगी. तिच्या लेखी इस्रायल म्हणजे ठिबकच्या नळ्यांचा देश, बाकी काही नाही.

बाजू ठरवायच्या दिवशी डबा टेबलावर होता. मी तो उचलून कपाटात ठेवला. घड्याळवाल्याची मुलगी मुसलमान. तिच्या पाठीवर हात ठेवून मी म्हटलं, "तू अनुकूल बोल. तुझ्या आतून येईल ते." तिने कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हो बाई म्हणाली. उरलेली बाजू असोद्याच्या मुलीला. मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन हा माझा उदारपणा चहाबरोबर सगळ्यांना वाढला.

धुळ्याला जाताना एसटीत घड्याळवाल्याची मुलगी जोडीदारणीची तयारी करून घेत होती. मी म्हणेन, आमची घरं गेली, हातात नुसत्या किल्ल्या राहिल्या. तू म्हण, युरोपात ज्यांची घरंच्या घरं मारून टाकली त्यांनी कोणाच्या दारात जायचं होतं? मी म्हणेन, त्याची शिक्षा आम्हाला का? तू म्हण, पॅलेस्टाईनची वाटणी ठरली तेव्हा नको कोण म्हणालं? असोद्याची घोकत होती. मी शेंगा सोलत मनात म्हणत होते, काय छान मैत्री आहे.

स्पर्धेत ती बोलली तेव्हा सभागृहात कोणी खोकलंही नाही. असोद्याची अडखळली, पण मुद्दे एकेक नेमके. मग परीक्षक उठले. म्हणाले, अनुकूल बोललेल्या मुलीचं भाषण काळजाला भिडलं, पण तो तिचा स्वतःचाच विषय पडला. खरं कसब आपला नसलेला पक्ष मांडण्यात. ढाल असोद्याच्या मुलीला.

मी उठून बोलायला हवं होतं. पण बोलणार काय? ते व्यासपीठावरून जे म्हणाले, तेच मी वर्गात, पाठीवर हात ठेवून म्हणाले होते. मी टाळ्या वाजवल्या. चांगल्या जोरात वाजवल्या, शाळेची ढाल होती ना.

परतीच्या गाडीत असोद्याच्या मुलीने ढाल मांडीवर पालथी धरली होती. सारखी ती मैत्रिणीकडे सरकवायची, म्हणायची, सगळं तूच तर सांगितलं गं, मी तुझ्या अब्बांना सांगते. ती काही ढाल हातात घेईना. पारोळा गेल्यावर मी माझी जागा सोडून त्यांच्याजवळ गेले, सांत्वन करायला. म्हटलं, बक्षिसाचं काय एवढं, तू मनापासून बोललीस तेच खरं.

ती खिडकीतून बाहेर बघत होती. मान वळवून, अगदी अदबीने म्हणाली,

"बाई, मी दोन्ही बाजू तयार केल्या होत्या. दुसरी मला जास्त चांगली येत होती. तुम्ही फक्त डबा पुढे करायचा होता."