कर्वेनगरच्या थांब्यावरचे काका

"अहो, बस नदीत दाखवतंय! नदीत!" कर्वेनगरच्या थांब्यावर एक बाई मोबाईलमध्ये बघून अशा ओरडल्या, की समोरच्या सोसायटीतली कबुतरं उडून थेट कसबा पेठेत जाऊन बसली.

बाकावरच्या काकांनी शांतपणे फोन मागून घेतला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि विचारलं, "कुठे जायचंय? कुणाकडे?" बाई बहिणीच्या गुडघेदुखीपर्यंत सगळं सांगून मोकळ्या झाल्या. तोवर काकांनी अकरा बटणं दाबून खरी बस शोधून दिली होती. बसच्या त्या ॲपमध्ये तिशीत शिरलेला माणूस निवृत्त होऊनच बाहेर पडायचा. वाट ठाऊक होती ती फक्त या काकांना. रोज सकाळी निम्मं पुणं त्यांच्या हातात फोन द्यायचं आणि बस येईपर्यंत बोलत बसायचं.

ते ॲप सोपं करायचं काम हिंजवडीतल्या आमच्या कंपनीकडे आलं. काकांच्या शेजारी बसूनच मी त्यातल्या खाचाखोचा टिपल्या. नवं ॲप असं केलं, की कबुतरांनीही तिकीट काढावं. उघडलं की एकच प्रश्न: कुठे जायचंय?

महिन्याभराने थांब्यावर गेलो. आरडाओरडा नव्हता. जो तो आपल्या फोनमध्ये बघून बस पकडत होता. तीन बस गेल्या, काकांशी कुणी बोललं नाही. ते सदऱ्याचं टोक अंगठ्याने चोळत बसले होते. मी ऐटीत माझा फोन पुढे केला. त्यांनी तो पुसला, प्रश्न वाचला आणि तसाच परत दिला.

"अहो काका, टाका की, कुठे जायचंय ते!"

"मला कुठेच जायचं नसतं," काका म्हणाले.